रेवताबाईनं पाजलेलं दूध

सिहोऱ्याच्या आठवडी बाजारात मासोळीच्या रांगेला बसणाऱ्या बायका दहा-बारा, पण कानावर पडायचा तो एकीचाच आवाज. मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यातल्या रेवताबाईचा. चांदपूरच्या तलावातली रोहू असो नाहीतर बावनथडीतले बोटभर झिंगे, ती असा काही पुकारा करायची की गिऱ्हाईक आधी दचकायचं आणि मग थांबायचं. भाव पाडून मागणाऱ्याची ती चारचौघांत अशी हजेरी घ्यायची की तो पुढच्या बाजारी दुसऱ्या बाजूनं जायचा. तिची मासोळी शिळी आहे असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. खरं सांगायचं तर मासोळी शिळी नसायचीही. बाई तोंडानं फटकळ होती, व्यवहारानं सरळ होती.

या बाईला लाज म्हणून ठाऊक नाही, असं लोक म्हणत. ते काही खरं नव्हतं. एक लाज तिला होती आणि ती तिनं लग्नातच पदरात बांधून आणली होती. ती तुलारामची दुसरी बायको. पहिली तापानं गेली तेव्हा मागं कुंता नावाची पोर राहिली होती, चार वर्षांची. साल सत्तर. रेवता घरात आली त्या दिवशी शेजारणींनी पोरीला पुढं ढकलून सांगितलं, "ही तुही मावशी." कुंता तिला मावशी म्हणू लागली आणि तेच नाव कायम झालं. पुढं रेवताला स्वतःचं मूल झालं नाही. त्यामुळं तिच्या आईपणाची सगळी परीक्षा या एकाच पोरीवर होती, आणि परीक्षा घ्यायला सारा मोहल्ला बसलेला. पोर खोकली तरी लोक रेवताकडं बघायचे. पोर वाळली तर विचारायलाच नको. "सावत्र" हा शब्द कोणी तोंडासमोर उच्चारत नव्हतं, पण तिच्या कानात तो दिवसभर वाजत राहायचा.

म्हणून ती कुंताचं सगळं दुपटीनं करायची. शेजारच्या पोरीला एक फ्रॉक, तर कुंताला दोन. दहावी झाल्यावर मोहल्ल्यातल्या पोरी जाळी विणायला बसल्या आणि कुंता तुमसरला अकरावीत गेली, तेही हॉस्टेलात राहून. साल त्र्याऐंशी. ही रेवताचीच जिद्द होती. तुलाराम आपला तलावावर जाणारा, येणारा आणि मान हलवणारा माणूस. त्यानं मान हलवली.

पण त्याच पावसाळ्यात कुंताच्या तोंडावर मुरमं उठली. साधी नव्हेत. गालांवर, हनुवटीवर, कपाळावर लाल, टपोरी, पुवानं भरलेली. कुंता पदर गालावर ओढून वर्गात बसू लागली. पोरी तिच्याशेजारी बसायला कुरकुर करू लागल्या, कोणी म्हणे लागण होते. हळद-बेसन झालं, कडुनिंबाचा पाला झाला, संत्र्याची साल वाटून झाली. शेवटी हॉस्टेलच्या बाईंनीच तिला तुमसरच्या एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी लाल-पिवळ्या कॅप्सूल लिहून दिल्या आणि चारदा बजावलं की गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, पाण्यानं घ्यायची, आणि महिना-दोन महिने सोडायची नाही. कुंतानं तसंच केलं. दसऱ्यापर्यंत मुरमं बसली. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तोंड बरंच साफ झालं होतं आणि पदर खांद्यावर आला होता. रेवतानं तिची दृष्ट काढली.

इथंच थांबली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण दिवाळीत कोणीतरी म्हणालं, "पोरीले हॉस्टेलात टाकलं म्हणे? असू दे, घरी तरी कोण हाये तिचं." हे नेमकं रेवताच्या कानापर्यंत पोचलं. तिला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की कुंता आता हॉस्टेलात राहणार नाही, घरूनच एस.टी.नं जाणं-येणं करील. कुंताला हॉस्टेल आवडायचं. तिला कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर गोळ्या सिहोऱ्यातल्या धनीराम कंपाउंडरच्या दुकानातून यायला लागल्या. धनीराम म्हणजे साठीला टेकलेला, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेला, एकेक शब्द तोलून बोलणारा माणूस. उमेदीची सगळी वर्षं त्यानं तुमसरला एका डॉक्टरच्या हाताखाली कंपाउंडर म्हणून काढली आणि म्हातारपणी गावी येऊन चौकात एका खोलीचं औषधाचं दुकान टाकलं. दर बाजाराला तो रेवताकडून पावभर झिंगे घ्यायचा आणि तिच्याशी भाव न करणारं सिहोऱ्यातलं ते एकमेव गिऱ्हाईक होतं.

आता गोळी घरात आली म्हणजे ती रेवताच्या हातात आली. इंग्रजी गोळी गरम असते, कोठा जाळते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आमच्या भागात ते सगळ्यांनाच पक्कं ठाऊक असतं. गरमावर उतारा दूध. पण ढिवराच्या घरात दूध कुठलं? गोदावरीबाई म्हणून एक शेतकरीण होती, तिच्या दारात दोन म्हशी होत्या. रेवतानं तिच्याशी बोली केली. रोज सकाळी पेलाभर दूध, त्याच्या बदल्यात आठवड्यातून दोनदा झिंगे. आणि दूध सुरू झालं तशी कुंताची मासोळी बंद झाली, कारण मासोळीवर दूध प्यालं की अंगावर कोड फुटतं हेही सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मासोळीवर जगणाऱ्या घरातली पोर वरण-भात आणि चटणी खाऊ लागली. रोज सकाळी रेवता हातात गोळी आणि पेला घेऊन तिच्यासमोर उभी राहायची.

पहिल्याच सकाळी कुंता म्हणाली, "मावशी, मी पाण्यानंच घेतो. डॉक्टरनं पाणीच सांगतलं होतं."

रेवताचा हात तसाच राहिला. "काहून? माह्या हातचं दूध जहर आहे का?"

"तसं नाही मावशी, तो म्हणे की..."

"हॉस्टेलात पाण्यानं घेतली, कारण तठी तुले दूध देणारं कोणी नोतं. अठी मी आहो ना?" एवढं म्हणताना रेवताचे डोळे भरून आले. बाजार डोक्यावर घेणारी ती बाई रडताना कुंतानं कधी पाहिली नव्हती. ती घाबरली. तिनं पेला घेतला, गोळी तोंडात टाकली आणि दूध प्याली. पुन्हा तिनं पाण्याचं नाव काढलं नाही.

डिसेंबरात एक-दोन मुरमं दिसू लागली. संक्रांतीला हनुवटी भरली. तुमसरच्या डॉक्टरनं दोन गोळ्यांच्या चार केल्या. रेवतानं दूध वाढवलं. एका पेल्याचे दोन झाले, झिंग्याचे फेरे वाढले. होळी येईतो कुंताचं तोंड आधीपेक्षा वाईट झालं. आता गाठी व्हायच्या, दुखायच्या, फुटल्या की खड्डा राहायचा. कुंता बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसायची आणि घरी आली की आरसा पालथा घालायची. "मी बारावीले नाई जात," असं ती एकदा बापाला म्हणाली. तुलारामनं या वेळी मान हलवली नाही, एवढंच.

होळीच्या आधीच्या बाजाराची गोष्ट. मासोळी घ्यायला धुरपता आली. खाऊनपिऊन सुखी घरातली, शेतीवाडीवाली बाई. तिनं रोहू उलटीपालटी केली आणि सहज म्हटलं, "अवं रेवता, तुह्या पोरीच्या तोंडाचं काय झालं व? हॉस्टेलात होती तवा तर बरी होती. घरी आली अन्..."

पुढचं तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. आजूबाजूच्या चार बायकांनी माना वळवल्या. रेवताला वाटलं, आपल्या अंगावरचं लुगडंच कोणी ओढलं. आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "घरचं नाई व बाई! गोळ्यायचं आहे. तुमसरच्या गोळ्या असली होत्या, तवा तोंड साफ झालं. अठच्या नकली आहेत!"

बोलेपर्यंत तिच्या मनात असं काही नव्हतं. पण बोलून झाल्यावर तिला ते पटलं. खरं तर किती नीट बसत होतं ते! तुमसरची गोळी लागू पडली, धनीरामची पडली नाही. मग खोट कोणाची? तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं. बायकांच्या नजरा तिच्यावरून उठून चौकाकडं गेल्या होत्या. आता मागं फिरणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती टोपलं तसंच टाकून उठली, कनवटीची गोळ्यांची पुडी काढली आणि धनीरामच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली.

"धनीराम! बाहेर ये!"

तोपर्यंत ती त्याला धनीरामभाऊ म्हणत असे.

धनीराम बाहेर आला. बाजार गोळा व्हायला वेळ लागला नाही. रेवतानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या माणसानं चार महिने आपल्या पोरीला नकली गोळ्या खाऊ घातल्या आणि पोरीचं तोंड नासवलं. मग तिनं एक कॅप्सूल मोडली. आतली पिवळी भुकटी तळहातावर काढून गर्दीपुढं धरली. "पाहा! हळद आहे हळद!"

"हळदच दिसते," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "बरोबर आहे, माह्या बापाचा बी खोकला नाई गेला याच्या औषधानं."

धनीरामनं तिच्या तळहातावरची चिमूटभर भुकटी उचलून स्वतःच्या जिभेवर ठेवली. "कडू आहे. हळद नाही. चाखून पाहा कोणी," तो म्हणाला. कोणी चाखली नाही. मग तो रेवताकडं वळला आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "बाई, पोरगी गोळी कायच्यासंगं घेते?"

"दुधासंगं!" रेवता गरजली. ती छाती पुढं काढून गर्दीकडं वळली. "पाणी नाई, दूध पाजून राहिली मी तिले! दोन-दोन पेले! झिंगे देऊन दूध आणून राहिली! सख्खी माय काय करन एवढं?"

"दूध?" धनीरामचा चेहरा बदलला. "दूध काहून दिलं बाई? दुधानं तर ही गोळी..."

पुढचं कोणाला ऐकू आलंच नाही. गर्दीत यादोराव म्हणून गावातला बोलका पुढारी होता. तो मोठ्यानं हसला, "वा रे कंपाउंडर! गोळी तुही अन् दोष दुधाचा?" सगळा चौक हसला. त्या हसण्यात धनीरामचे ओठ हलताना तेवढे दिसत होते. थोड्या वेळानं ते हलायचे थांबले. तो आत गेला आणि खुर्चीवर बसला. रेवता आपल्या टोपल्याकडं परतली तेव्हा तिच्यासाठी वाट करून दिली गेली. त्या दिवशी तिची मासोळी नेहमीच्या निम्म्या वेळात खपली.

परीक्षा आटोपल्यावर, एप्रिलात, ती कुंताला घेऊन भंडाऱ्याला गेली. तिथं दर शनिवारी नागपूरहून चामडीचे एक डॉक्टर येत. तरुण होते, पण घाईत नव्हते. त्यांनी कुंताचा चेहरा उजेडात धरून पाहिला आणि विचारपूस सुरू केली. कोणती गोळी, कधीपासून, आधी फरक पडला होता का. कुंता खाली बघून उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, "गोळी घेत कशाबरोबर होतीस?"

कुंता तोंड उघडायच्या आत रेवतानं मान ताठ करून सांगितलं, "दुधासंगं साहेब. एक दिवस चुकला नाई."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. "बाई, ही गोळी आणि दूध पोटात एकमेकांना धरून बसतात. औषध रक्तात उतरतच नाही, आलं तसं निघून जातं. जे थोडंफार उतरतं त्यानं चेहऱ्यावरचे जंतू मरत नाहीत. उलट त्या औषधाला सरावतात."

"मंग आता पाण्यासंगं देऊ का?"

"आता पाण्यानं दिली तरी पहिल्यासारखी लागू पडेल असं मला वाटत नाही. इतके महिने झाले. ही गोळी आता बंद. दुसरं काहीतरी देऊन पाहू."

रेवतानं कनवटीची उरलेली पुडी काढून टेबलावर ठेवली. "हे नकली तर नाईत ना साहेब?" तिच्या आवाजात आशा होती. डॉक्टरांनी पुडी उलगडून आतल्या पट्टीवरचं नाव वाचलं, तारीख पाहिली. "चांगल्या आहेत. मी स्वतः ह्याच लिहून देतो. नकली कोण म्हणालं?"

"लोकं म्हणतेत," रेवता म्हणाली.

शेजारी बसलेल्या कुंतानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. एकदाच, आणि पुन्हा खाली घातली. पुढं आयुष्यभर रेवताबाई सांगायची की बाजारातल्या बोंबेपेक्षा तिला या दोन शब्दांची लाज जास्त वाटते. बाजारात ती संतापलेली होती. इथं ती शुद्धीवर होती आणि तरी खोटं बोलली.

परतीच्या एस.टी.त दोघी शेजारी बसल्या. तुमसर मागं पडलं. मग रेवता म्हणाली, "तू सांगतलं होतं मले. पहिल्याच दिवशी."

"जाऊ दे ना मावशी."

"मंग दुसऱ्यांदा काहून नाई सांगतलं?"

कुंता म्हणाली, "तू रडली होतीस."

रेवताला वाटलं, बस इथंच थांबावी आणि आपण उतरून जावं. दूध पोरीसाठी होतं की लोकांसाठी? पोरीनं पाणी मागितलं होतं. पाणी! ते तर फुकट होतं, घरात होतं, घागरीत होतं. पण पाण्याचा बोलबाला होत नाही. "सख्खी माय काय करन एवढं" असं पाण्याचा पेला दाखवून म्हणता येत नाही. तिला चौकात उभी असलेली ती स्वतः दिसली, छाती काढून, दोन-दोन पेले ओरडून सांगणारी, आणि तिच्या अंगाची आग झाली.

नवं औषध सोपं नव्हतं. सहा आठवड्यांसाठी वेगळी गोळी होती आणि तिच्या जोडीला पांढऱ्या मलमाची नळी. संध्याकाळी तोंड धुऊन, कोरडं करून, अगदी थोडं मलम लावायचं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की सुरुवातीला आग होईल, साल निघेल, चेहरा आणखी लाल दिसेल, तरी सोडायचं नाही आणि तीन महिन्यांच्या आत काही विचारायला यायचं नाही. तसंच झालं. कुंताचे गाल भाजल्यासारखे झाले. तिच्या निळ्या उशीवर पांढरे डाग पडू लागले, मलमानं कापडाचा रंगच खाल्ला. ते डाग पाहून रेवताला वाटायचं, हे औषध कापडाला असं करतं तर पोरीला काय करील? साय लावावी, लोणी लावावं, असं तिच्या हाताला सारखं वाटायचं. एकदा तिनं वाटीत लोणी काढलंही होतं. पण ती वाटी घेऊन उभी राहिली आणि परत ठेवून आली. त्या उन्हाळ्यात तिनं कुंताच्या औषधाला हात लावला नाही. फक्त पाण्याचा पेला भरून ठेवायची, तोही काही न बोलता.

आणि कुंताला पुन्हा मासोळी मिळू लागली. झिंग्याचं कालवण पहिल्यांदा ताटात पडलं तेव्हा पोर अशी जेवली की तुलारामनं आपल्या ताटातलंही तिला वाढलं.

धनीरामकडं जायचं मात्र रेवता पुढं ढकलत राहिली. आधी म्हणाली, पोरीचं तोंड बरं होऊ दे, मग तोंड उघडायला तोंड राहील. मग पावसाळा, रोवणीचे दिवस, बाजार पातळ असतो. मग गणपती. बाजारात तिनं आपली जागा बदलली, चौकापासून लांब, पिंपळाच्या पलीकडं. धनीरामच्या दुकानात आता कोणी जात नव्हतं. बाजाराच्या दिवशी तो दारात बसून असायचा. झिंगे घ्यायला तो आला नाही आणि तिनं पाठवलेही नाहीत. भीतीनं माणूस एवढा लबाड होत नाही, जेवढा लाजेनं होतो, हे मी रेवताबाईकडंच पाहिलं.

दिवाळीपर्यंत कुंताचं तोंड साफ झालं. खड्डे राहिले, पण नवं मुरूम नाही. ती बारावीत गेली होती आणि पदर पुन्हा खांद्यावर आला होता. रेवताला वाटलं, आता सांगू. पण तिच्याआधी गावानंच सांगायला सुरुवात केली. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत धुरपता कुंताची हनुवटी धरून चार जणींना दाखवत होती, "पाहा, कंपाउंडरच्या नकली गोळ्या सोडल्या अन् पोरगी कशी बरी झाली! रेवता होती म्हणून कळलं."

जो पुरावा घेऊन रेवता धनीरामकडं जाणार होती, तोच त्याच्या गळ्याचा फास झाला होता.

त्या दुपारी ती त्याच्या दुकानात गेली. बाकावर बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, डॉक्टरनं म्हटलेलं, दुधाचं, आणि "लोकं म्हणतेत" हेसुद्धा. धनीरामनं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मले मालूम आहे हे," तो म्हणाला. "मले काय सांगून राहिली? बोंबलली कोठी होतीस?"

"बाजारात."

"मंग तठी सांग."

पुढच्या बाजारी तिनं सांगितलं. दुकानासमोर उभी राहून, त्याच जागी, त्याच आवाजात. निदान तिनं प्रयत्न तसा केला. आवाज मधेच बसत होता. लोक जमले, ऐकलं आणि एकमेकांकडं पाहून हसले. "काय व रेवताबाई, कंपाउंडरनं काही देल्लं वाटते!" एक जण म्हणाला. दुसरी म्हणाली, "म्हातारा रडला असन तिच्यासमोर, कीव आली बिचारीले." ती ओरडली, शपथा घेतल्या, पोरीची आण घेतली. जितकी ओरडली तितकं लोकांना पटलं की बाईचं मन मोठं आहे. रागाच्या भरात तिनं जे म्हटलं ते दोन मिनिटांत खरं ठरलं होतं. आता खरं सांगायला तिच्याजवळ दुसरा आवाज नव्हता.

माघ महिन्यात धनीरामनं दुकान बंद केलं. नाकाडोंगरीला पुतण्याकडं गेला म्हणे. जाताना त्यानं कोणाचा निरोप घेतला नाही. रेवता दोनदा नाकाडोंगरीला गेली. एकदा तो घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता, पण पुतण्याच्या बायकोनं दारातच सांगितलं की झोपले आहेत. भर दुपार होती आणि आत कोणीतरी खोकत होतं. तिनं झिंग्याची पुडी ओसरीवर ठेवली आणि निघून आली.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात सिहोऱ्यात ग्राहकांच्या हक्कांविषयी एक कार्यक्रम झाला. नवा कायदा झाला होता, तालुक्याहून साहेब येणार होते. यादोराव तोवर सरपंच झाला होता. मांडव घातला, माईक आणला, आणि नकली औषध पकडणारी गावची बाई म्हणून रेवताबाईचा शाल-नारळ देऊन सत्कार ठरवला. तिनं नको म्हणून सांगितलं. यादोराव हसून म्हणाला, "तू फक्त ये, बाकी मी पाहतो." कुंता तेव्हा साकोलीकडं एका शाळेत मास्तरीण झाली होती आणि सुट्टीवर आली होती. ती मावशीसोबत पहिल्या रांगेत बसली.

सत्कार झाला. साहेबांनी पाठ थोपटली. मग रेवताबाईनं कोणी न बोलावता माईक हातात धरला.

"मी कोणाले पकडलं नाई," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माईकमुळं पार पिंपळापर्यंत जात होता. "गोळ्या चांगल्या होत्या. डॉक्टरनं पाणी सांगतलं होतं, पोरीनं पाणी मांगलं होतं. मी दूध पाजलं. तोंड बिघडलं ते माह्या हातानं बिघडलं. धनीरामभाऊ भर बाजारात सांगून राहिले होते, तुम्ही हासले अन् मी बी आयकलं नाई. मले तवा खात्री नोती, तरी बोंबलली. लोकं मले सावत्र म्हणतीन म्हणून मी त्या माणसाची इज्जत घेतली. मी चोर आहो त्याची."

मग यादोरावनं तिच्या हातातून माईक हळूच काढून घेतला. "पाहा मंडळी," तो म्हणाला, "एवढं मोठं काम केलं, अन् बाई अजून सगळं स्वतःवर घेते. याले म्हणतेत माणुसकी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब वाजवत होते, धुरपता वाजवत होती, मागं उभे असलेले वाजवत होते. नारळ आणि शाल सांभाळत रेवताबाई उभी होती आणि तिला कुठं पाहावं ते कळत नव्हतं. मग तिची नजर पहिल्या रांगेवर आली. कुंता तिच्याकडं सरळ बघत होती, खड्डे पडलेले गाल पदराबाहेर, दोन्ही हात मांडीवर. साऱ्या मांडवात टाळ्या न वाजवणारी ती एकटीच होती, आणि टाळ्या थांबेपर्यंत रेवताबाई तिच्याकडंच पाहत उभी राहिली.